पिवळ्या भुकटीचा नेचा

जुईनगर,
११ जुलै २०२५

रंजितास,

आशीर्वाद आहेत, पण ते शेवटी घे. आत्ता माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे आणि तो कागदावर उतरवल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

तुमच्या गावामागच्या टेकडीवर मी अजूनही जाते. मी निवृत्त झाले, माझे पाय झालेले नाहीत. बेलापूरच्या बाजूने वरच्या रस्त्याने चढायचं आणि जुन्या खदानीच्या माथ्यावरून कातळाच्या उतारावर थोडं खाली यायचं, हा माझा ठरलेला फेरा. त्या उतारावर मातीचा पत्ता नाही. उन्हाळ्यात तिथे पापड भाजून निघेल. आणि तिथेच, दगडाच्या भेगांमध्ये, मला या पावसात एक नेचा दिसला. तळहाताएवढा, देठ काळाभोर, तेल लावल्यासारखा. जन्मभर कॉलेजात मी नेचे शिकवले, तुलाही शिकवले, पण हा मी पाहिलेला नाही. आनंदाने मी तिथेच बसकण मारली.

उठताना पाहिलं तर शेजारच्या दगडावर लाल रंगाची फुली. पुढच्या दगडावर आणखी एक. चौकशी केली तेव्हा कळलं, की दरड कोसळू नये म्हणून अख्ख्या उतारावर लोखंडी जाळी ठोकून वरून सिमेंट फवारणार आहेत. तिथे उभ्या असलेल्या इंजिनिअरला मी विचारलं, "इथे काय काय उगवतं ते कुणी पाहिलंय का?" तो म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये आहे ना. गवत आणि झुडपं." पाहणी कधी केली? मे महिन्यात! मे महिन्यात कातळावरचा नेचा मूठ आवळून, वाळून बसलेला असतो. तेव्हा यांना काडीकचऱ्याशिवाय काय दिसणार होतं? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांना हे सांगितलं तर म्हणाले, "फर्नच हवाय ना? नर्सरीतून छान कुंडी आणून देतो." त्या माणसाला मी चहा दिला नाही.

हरकती द्यायला बारा सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. पण निवृत्त बाईच्या अर्जाला कोण विचारतो? नेचा दुर्मिळ आहे असं एखाद्या संस्थेतल्या जाणत्या माणसाने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं पाहिजे. तू डेहराडूनला नेच्यांमध्येच बसलेली आहेस. दोन पानं पाठवते आहे. पावसाळी हवा, वाटेत बुरशी धरेल, म्हणून तुम्हाला शिकवलं होतं तसं आधी स्पिरिटमध्ये बुचकळून मग वर्तमानपत्रात दाबली आहेत. फोटो पाठवा असं म्हणू नकोस. फोटोवरून नेचा ओळखणारे आणि फोटोवरून मुलगी पसंत करणारे, दोघेही मागाहून रडतात.

लवकर कळव. तुझी आई बरी असेलच. आता आशीर्वाद घे.

जयमाला पोतनीस


डेहराडून,
२२ जुलै

पोतनीस मॅडम,

नमस्कार. पाकीट उघडलं आणि आपल्या कॉलेजच्या लॅबचा वास आला. इकडे सगळे हसत होते, आजच्या जमान्यात पोस्टाने पान कोण पाठवतं म्हणून. मी म्हटलं, आमच्या मॅडम.

दोन्ही पानं मायक्रोस्कोपखाली बघितली. बीजाणू अजून कच्चे आहेत, त्यांच्यावरून काही ठरत नाही. पानाच्या पाठीवर काही नेच्यांना असते तशी भुकटी अजिबात नाही, साफ हिरवी पाठ. म्हणजे हा आपला नेहमीचाच कातळावरचा नेचा. पावसात सह्याद्रीत कुठेही दगडाच्या फटीत सापडतो. तुम्हाला आकार वेगळा वाटला असेल, पण तो ऊन-पाण्याप्रमाणे बदलतो. रेअर वगैरे काही नाही. सही करून द्यायची तर "सर्वसामान्य" असंच लिहावं लागेल, आणि त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

खरं सांगू का, मला बरं वाटलं. तो उतार आमच्या आळीच्या डोक्यावर आहे. काम व्हायलाच पाहिजे. तुम्ही टेन्शन घेऊ नका, गुडघ्यांना जपा.

आई बरी आहे.

रंजिता


जुईनगर,
३१ जुलै

रंजिता,

"टेन्शन घेऊ नका"? मी टेन्शन घेत नसते, मी संतापते, आणि आज पोटभर संतापले आहे.

काल मी मुद्दाम गावाच्या नाक्यावर गेले. तिथे खोलीएवढा फ्लेक्स लागला आहे. वर पुढाऱ्यांची रांग, खाली हात जोडून तुझा भाऊ रूपेश, काळा चष्मा, गळ्यात चेन. "टेकडीला संरक्षक जाळी व सिमेंटचे काम मंजूर. पाठपुरावा: आपला माणूस, रूपेशदादा!" चहावाल्याने सांगितलं की येत्या निवडणुकीत तो उभा राहणार आहे. तुझ्या पत्रात यातलं अवाक्षर नाही. "मला बरं वाटलं" म्हणे! वाटणारच. भावाचा फ्लेक्स उतरवावा लागला नाही.

अगं, त्या पानाच्या पाठीवर भुकटी होती! पिवळी, हळदीचा हात फिरवल्यासारखी. पान खुडलं तेव्हा ती माझ्या बोटांना लागली, पदराला लागली. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण मला वाटलं, पोरगी भिंगाखाली पाहील आणि आनंदाने ओरडेल, तिचा तो आनंद मी आधीच का घालवू. पांढऱ्या भुकटीचे नेचे ढिगाने आहेत. पिवळ्या भुकटीचा या बाजूला कुणी पाहिल्याचं मला ठाऊक नाही. आणि तू लिहितेस, "साफ हिरवी पाठ". डोळ्यांत तेल घालून पाहायला मी तुला शिकवलं होतं, डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायला नव्हे.

माझे विद्यार्थी बँकांत गेले, औषधं विकायला लागले, मला कधी वाईट वाटलं नाही. तू एकटी नेच्यांत राहिलीस याचा मला फार अभिमान होता. होता, असं लिहिते आहे.

ज. पोतनीस


डेहराडून,
९ ऑगस्ट

मॅडम,

तुमचं पत्र वाचून मी रडले नाही, एवढं आधी सांगते. मी दार आपटलं.

भुकटी होती म्हणता. मग गेली कुठे? तुम्हीच लिहिलंय, "स्पिरिटमध्ये बुचकळून". मॅडम, ती भुकटी स्पिरिटमध्ये विरघळते! पावसाने जात नाही, पण स्पिरिटमध्ये एक डुबकी दिली की पाठ साफ. कॉलेजात तुम्ही आम्हाला सरसकट प्रत्येक पान स्पिरिटमध्ये बुडवायला लावायचात, कारण पावसाळ्यात नाहीतर बुरशी धरते. त्या नेच्याची ओळख तुम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकलीत, उरलेला पाला मला पाठवलात, आणि वर मलाच खोटारडी ठरवताय. मला जे दिसलं ते मी लिहिलं. तुमच्या पत्रात स्पिरिट हा शब्द वाचला तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती, हे कबूल. नाही पेटली. कदाचित मला पेटवायचीच नव्हती. पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि खोटं बोलणं वेगळं.

आता रूपेशचं. पाठपुरावा त्याने फ्लेक्ससाठी सुरू केला नाही. गेल्या पावसात आमच्या स्वयंपाकघरावर धोंडा पडला. पत्रा फाडून सरळ गॅसच्या शेगडीपाशी. आई तेव्हा दिवाळे गावच्या बंदरावर मासळी आणायला गेली होती, म्हणून आज तुम्ही मला "बरी असेलच" असं लिहू शकता. त्यानंतर रूपेशने चपला झिजवल्या. फ्लेक्स मागाहून लावला, त्यात तो मूर्खच आहे, मी त्याला फोनवर झापलंय. पण धोंडा खरा होता.

तुम्ही त्या टेकडीवर माझ्या जन्माआधीपासून जाताय. नेहमी वरून. वरून आमची घरं दिसत नाहीत, झाडीत झाकलेली आहेत. जत्रेला आमच्याकडे जेवायला आलात तेव्हाही पुढच्या ओटीवर बसलात, जेवलात, कौतुक केलंत आणि गेलात. घराच्या मागे काय उभं आहे ते तुम्ही कधी बघितलं नाही.

नवीन पानं पाठवा. स्पिरिट नको, इस्त्री नको, कोऱ्या कागदात कोरडी. भुकटी पिवळी निघाली तर मी पिवळीच लिहीन, भाऊ असो की कोणी असो. पण माझी अट आहे. तो कागद आधी कचेरीत द्यायचा नाही. आधी आमच्या घरी जायचं, मागच्या दाराशी बसायचं आणि माझ्या आईला तो वाचून दाखवायचा. तिला वाचता येत नाही.

रंजिता


जुईनगर,
१६ ऑगस्ट

रंजिता,

स्पिरिटची चूक माझी. ही ओळ जपून ठेव, पुन्हा मिळायची नाही.

तीन पानं पाठवते आहे, कोरडी. झाड उपटलेलं नाही. सगळी झाडं गोळा केली तर एक ताटही भरायचं नाही, तेवढ्यात उपटायचं काय? दाबलेल्या पानाचा कोऱ्या कागदावर ठसा उमटला आहे, पिवळाधमक. तोही पाठवते. त्यावर मी घरची हळद टाकली असं तुला वाटलं तर चाखून बघ.

तू माझ्यावर ओरडलीस ते मला आवडलेलं नाही, पण जे ओरडलीस ते खरं आहे. धोंड्याचं मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. तरी म्हणून एक अख्खी जात सिमेंटखाली गाडू द्यायची, हे माझ्या गळी उतरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तर त्याला मी काय करू? तुझ्या आईला वाचून दाखवीन. मी काय तिला घाबरते की काय!

बारा सप्टेंबर. विसरू नकोस.

जयमाला पोतनीस


जुईनगर,
२ सप्टेंबर

रंजिता,

गौरी जेवून आज गेल्यासुद्धा, तुझं पत्र नाही. फोन केला की तू उचलत नाहीस, "मीटिंगमध्ये आहे" असा तयार मेसेज येतो. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, रविवारी मीटिंग. नेच्यांच्या एवढ्या मीटिंगा असतात हे मला ठाऊक नव्हतं.

पिवळा रंग ओळखायला इतके दिवस लागत नाहीत. मग अडलंय काय? घर मध्ये येत असेल तर तसं सरळ लिही. "मॅडम, मी सही करणार नाही, माझी आई खाली राहते," असं लिही. मी चिडेन, भांडी आपटीन, पण मला ते समजेल. हे मूग गिळून बसणं मला सोसत नाही. शत्रूनेसुद्धा उत्तर द्यावं, अशी माझी अपेक्षा असते.

मुदत दहा दिवसांवर आली आहे.

ज. पोतनीस


डेहराडून,
६ सप्टेंबर

मॅडम,

चिठ्ठी सोबत आहे, सही-शिक्क्यासकट. लॅटिन नाव तिच्यावर आहे. भुकटी पिवळी, बीजाणू या वेळी पिकलेले मिळाले, सगळं जुळलं. संस्थेतल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघितलं. आपल्या बाजूने हा नेचा कुणी आणल्याची फक्त एक नोंद आहे, फार जुनी, आणि त्यानंतर काहीच नाही. सगळे येऊन बघून गेले. सरांनी पेढे मागवले. मी पेढा हातात धरून बसले होते आणि डोळ्यांसमोर आमच्या घराचा फाटलेला पत्रा होता.

ओळख पटून बरेच दिवस झाले. चिठ्ठी तयार होती, ड्रॉवरमध्ये पडून होती. तुमचा फोन वाजला की आधी तुमचा राग यायचा, मग माझा. रूपेशला सांगितलं तर म्हणाला, "ताई, तू आपल्याच घरावर दगड टाकतेस. पाल्यासाठी?" मी फोन कट केला. आईला काही बोललेले नाही. ते तुमच्याकडे आहे.

आता एक नीट ऐका. जाळीने नेचा मरत नाही, जाळीच्या भोकांतून तो उगवेल. मरतो तो सिमेंटने. इकडे डोंगरातल्या रस्त्यांना मी स्वतः बघितलंय, नुसती जाळी आणि लांब खिळे मारतात, धोंडे धरून राहतात. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहा: जाळी हवी, ताबडतोब हवी, सिमेंट नको. काम थांबवा असं कुठेही लिहू नका. "थांबवा" हा शब्दसुद्धा नको.

अभिमान "होता" असं तुम्ही लिहिलं होतंत. ते मी विसरलेले नाही.

रंजिता


जुईनगर,
१२ सप्टेंबर

रंजिता,

अर्ज आज दिला, पोच घेतली. तू सांगितलंस तसंच लिहिलं, तेच तीन वेळा लिहिलं: जाळी तातडीने लावावी, सिमेंट वगळावे. पण कालचं आधी सांगते.

काल तुझ्या आईकडे गेले, खालच्या वाटेने. तिने मागचं दार उघडलं. दारातून हात लांब केला तर कातळाला लागतो. वर एक मोठा धोंडा पुढे आलेला, त्याच्याखाली पिंपळाचं मूळ शिरून फट पडलेली. रंजिता, तो धोंडा मी ओळखला. वरून त्याच्यावर बसून मी डबा खाते.

तुझी आई म्हणाली, "बस, बाय. वाच." मी मोरीच्या कट्ट्यावर बसून चिठ्ठी वाचली, मराठीत समजावून सांगितली. तिने विचारलं, "म्हंजे यो पाला बीजे कुठं नाय, आमचेच डोंगरान हाय?" म्हटलं, या बाजूला तरी नाही. "माझे पोरीनं वलखला?" म्हटलं, तिनेच. तेवढ्यापुरता तिचा चेहरा खुलला. मग एकदम भडकली. "मना कोनी कय विचारला नाय. रूपेश बोलतो, आये, घर सोर, घनसोलीला भाऱ्याची खोली घेतो. तू बोलतंस, पाला वाचव. तुझा पाला उपटून कुंडीन लावला तर जगल का?" मी म्हटलं, नाही जगणार, तो त्याच कातळावर जगतो. "मंग मना कशाला कुंडीन लावताव?"

मी सगळ्या वर्गांना गप्प केलेली बाई.  मला तिचा रागच आला, कारण ते खरं होतं. चहा पिऊन निघाले. चहात साखर नव्हती, मुद्दाम घातली नव्हती असं मला वाटतं.

जाळी लागेल. तू काळजी करू नकोस. आणि तो "होता" खोडून टाक, माझ्या वतीने.

जयमाला पोतनीस


डेहराडून,
२९ सप्टेंबर

मॅडम,

रूपेशने नोटिशीचा फोटो पाठवला. "सदर उतारावर दुर्मिळ वनस्पती आढळल्याने सर्व कामे पुढील अभ्यासापर्यंत स्थगित करण्यात येत आहेत." सर्व कामे! सिमेंट नाही, जाळी नाही, खिळा नाही. आणलेले जाळीचे गुंडाळे ट्रकमध्ये घालून घेऊन गेले. खाली आधार म्हणून दोन नावं छापली आहेत, तुमचं आणि माझं.

परवाच्या पावसात तो धोंडा सरकला. मोरी फुटली. ज्या कट्ट्यावर बसून तुम्ही चिठ्ठी वाचलीत तो आता नाही. आई पुढच्या खोलीत होती. घर सोड म्हणून रूपेशने तिच्या पाया पडून बघितलं, ती हलत नाही. रूपेशने माझ्याशी बोलणं टाकलंय. गावात सांगतात, हिरामणच्या पोरीनं शिकून काय केलं, तर पाल्यापायी आईला मारायला काढलं. बाबा असते तर त्यांनाही हे ऐकावं लागलं असतं.

मी खरं तेच लिहिलं. तुम्हीही खरं तेच लिहिलंत. आणि आपण दोघींनी मिळून माकडाच्या हाती कोलीत दिलं. त्या लोकांना काम करायचंच नव्हतं, त्यांना कारण हवं होतं, ते मी सहीशिक्क्यासकट पोस्टाने पाठवलं. मी सही मागे घेऊ शकते. नेचा सर्वसामान्य आहे, माझी चूक झाली, असं एका ओळीत लिहून देऊ शकते. काल रात्रभर तोच विचार करत होते. माझी नोकरी जाईल, जाऊ दे.

तुम्ही काय करणार आहात? परत वरून नेचे बघायला जाणार?

रंजिता


द्वारा पुतळाबाई,
डोंगराखालची आळी, बेलापूर,
७ ऑक्टोबर

रंजिता,

सही मागे घेतलीस तर मी तुझं तोंड पाहणार नाही. नेचा पिवळ्या भुकटीचा आहे. तो सोयीप्रमाणे सर्वसामान्य होत नाही.

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच उठून कचेरीत गेले. साहेबांसमोर अर्जाची पोच धरली आणि विचारलं, "यात काय लिहिलंय? जाळी लावा लिहिलंय ना?" ते हसले. "मॅडम, तुमचंच तर मान्य केलं. प्लांट वाचला ना?" आणि त्यांनी शिपायाकडून पुष्पगुच्छ मागवला. पर्यावरणप्रेमी ज्येष्ठ नागरिक म्हणून माझ्यासोबत त्यांना फोटो हवा होता! तो गुच्छ मी शिपायालाच दिला. म्हटलं, धोंडा कोण धरणार? "अभ्यास समिती नेमायची आहे." कधी? "बघू या." खाली राहणाऱ्यांचं काय? "त्यांना आम्ही स्थलांतराच्या सूचना दिल्यात." म्हणजे कागद दिला. कागदावर त्यांचं सगळं जग सुरक्षित आहे.

घरी आले, पिशवी भरली आणि इथे आले. तुझ्या आईने दारातच अडवलं. "कशाला आलीस?" म्हटलं, राहायला. "माझे घरान? तुना भ्या नाय वाटत?" म्हटलं, वाटतं की. "येरी झालीस, बाय," म्हणाली आणि पिशवी आत घेतली. त्या दिवसापासून आम्ही रोज भांडतो. तिला माझी भाजी मिळमिळीत लागते आणि मला तिच्या सुक्या बोंबलांचा वास सहन होत नाही. पण जेवायला ती माझ्यासाठी थांबते.

मग मी साहेबांना दुसरा अर्ज पाठवला, त्यात एवढंच लिहिलं: ज्या बाईच्या अर्जाचा आधार घेऊन आपण जाळी परत नेलीत ती बाई आता त्याच धोंड्याखाली राहते, पत्ता वरीलप्रमाणे. रंजिता, दोन दिवसांत माझा फोन थांबेना. साहेबांचा, त्यांच्या साहेबांचा, आमच्या नंदकिशोर सेक्रेटरींचा. "मॅडम, तुम्ही तिथे कशाला? रिस्क आहे." रिस्क! तुझ्या आईचा जन्म त्या धोंड्याखाली गेला, तेव्हा रिस्क नव्हती. तिच्या शेगडीपाशी दगड येऊन पडला तेव्हा एकालाही फोन करावासा वाटला नाही. जुईनगरच्या फ्लॅटमधली पेन्शनर बाई राहायला आली, तर धोंडा एकदम धोकादायक झाला. इतका राग मला आयुष्यात कुणाचाच आला नव्हता, आणि तो राग यायला मला एवढं म्हातारं व्हावं लागलं, याचाही येतो. पण हीच त्यांची रीत असेल, तर मी ती वापरणार. मला लाज वाटत नाही.

रूपेश आधी दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता. काल पत्रा घेऊन आला, मोरी बांधायला घेतली, आणि जाताना म्हणाला, "मॅडम, उद्या कचेरीत मी येतो तुमच्यासोबत. आळीतल्या बायका पन येतील." मी म्हटलं, ये, पण फ्लेक्स नको. अक्षता नावाची शेजारची मुलगी अर्ज लिहिते आहे, तिचं अक्षर चांगलं आहे, रागही चांगला आहे.

आज सकाळी कचेरीतून एक अधिकारी आला. बूट न काढता ओटीवर उभा राहिला, कातळाकडे पाहिलं, घाम पुसला. म्हणाला, जाळीचं सिमेंटपासून वेगळं काढून काही करता येईल का ते बघतो. मग वहीत काहीतरी लिहिता लिहिता त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या खोलीत झोपता? पुढच्या ना?"

मी म्हटलं, "नाही. पुढच्या खोलीत घरमालकीण पुतळाबाई झोपतात. मी मागच्या. तसंच लिहा."

त्याने वहीतली ओळ खोडली. मग त्याने तसंच लिहिलं.

जयमाला पोतनीस